मग सर आणि फाट्यापुढची गाडी

कुणाचंही वाक्य संपलं आहे, हे आमच्या सरांना मान्यच नसे. तुम्ही कितीही नीट बोला, सर मान जराशी तिरकी करून म्हणायचे, "मग?" पहिल्याच तासाला त्यांनी मला उभं केलं. "जाधव, सकाळी कॉलेजात आलात. मग?" मी म्हणाले, "हजेरी दिली." "मग?" "मग काय सर, तुम्ही मांडली की." "मी मांडली. तिचं पुढं काय होतं?" "ऑफिसात जाती." "मग?" "कपाटात ठेवत असतील." "मग?" वर्ग हसायला लागला आणि माझं टाळकं सरकलं. सर मात्र शांतपणे फळ्याकडं वळले आणि म्हणाले, "म्हंजे आपण रोज सकाळी एक कपाट भरतो. ह्याला माहिती म्हणत न्हाईत." त्याच दिवशी मधल्या सुट्टीत त्यांचं नाव मग सर पडलं. त्यांचं खरं नाव परीक्षेच्या फॉर्मवर लिहायची वेळ आली तेव्हा निम्म्या वर्गाला ते विचारून घ्यावं लागलं.

येरमाळ्याच्या पुढं, हायवेला लागून आमचं कॉलेज. एका खाजगी संस्थेचं, पुढून रंगवलेलं आणि मागून विटा दिसणारं. पदवीचं नाव लांबलचक, व्यवस्थापन माहिती प्रणाली. हे नाव घरात सांगताना माझी दर वेळी फजिती व्हायची. आमच्या चुलत्यांनी विचारलं, "म्हंजे कॉम्प्युटरचं का म्यानेजरचं?" मी म्हणाले, "दोन्हीचं." ते म्हणाले, "म्हंजे कशाचंच न्हाय." तेव्हा मी रागानं जेवणाचं ताट सरकवलं होतं, पण तीन वर्षं काढल्यावर मला त्यांचं फारसं चुकलं असं वाटेना. लॅबमधले कॉम्प्युटर प्लास्टिकच्या कव्हराखाली झाकलेले असत. लॅबची किल्ली क्लार्ककडं, क्लार्क संस्थेच्या कुठल्या तरी कामाला, आणि दोघं हजर असले की लाईट गेलेली. एक्सेल आम्ही फळ्यावर शिकलो. सरांनी फळाभर चौकोन आखले, त्यात आकडे लिहिले आणि बेरीज कुठं दिसेल तिथं बोट ठेवून उभे राहिले. आम्ही ते वहीत उतरवून घेतलं.

सर बार्शीहून एसटीनं यायचे. तासिका तत्त्वावर होते. जून महिन्यात संस्था बोलावणार, मार्च-एप्रिलला काम संपणार, आणि पुढच्या जूनला बोलावतील का नाही हे देवीलाच ठाऊक. प्राध्यापकीची नेट परीक्षा झालेली, केस पांढरे व्हायला लागलेले, खिशात नेहमी खडूचे तुकडे, कारण कॉलेजचे खडू दिवाळीपर्यंत संपायचे. कुणी "सर, तुम्ही पर्मनंट कधी होणार?" असं विचारलं तर म्हणायचे, "मी तासाचा माणूस. तास झाला की मी संपलो." आणि लगेच पुढचा चौकोन आखायला घ्यायचे. आम्हाला सगळ्यांना ते तुम्ही म्हणत. चिडले तरी तुम्हीच. अशा माणसावर धड रागावताही येत नाही, आणि मला तर रोज रागवायचं असायचं.

एवढं मान्य करते की शिकवायचे मात्र असं, की विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. एकदा त्यांनी विचारलं, "लग्नात आचाऱ्याला कसं कळतं की भात अजून टाकायचा?" आम्ही म्हणालो, कुणीतरी सांगतं. "कुणीतरी म्हंजे कोण? वाढणाऱ्याला बादली रिकामी झाली एवढंच कळतं. मांडवाच्या दारात उभा असलेला मामा बघतो, अजून किती लोक चपला काढायलेत. तो आचाऱ्याला सांगतो, आचारी भात टाकतो. बघणारा पाहिजे, सांगणारा पाहिजे, ठरवणारा पाहिजे. ठरवणाऱ्यापर्यंत गेली तीच माहिती. बाकी सगळं कपाटातलं." पुस्तकात ह्याच गोष्टीला इंग्रजीत चार पानं होती आणि ती वाचून मला झोप यायची. भाताचं मात्र डोक्यात बसलं. आजही कुणाच्या लग्नाला गेले की मी आधी दारातला मामा शोधते.

सरांच्या "मग"ला पुरून उरणारी वर्गात एकच होती, तबस्सुम शेख. माझी मैत्रीण. भूमच्या बाजूला, मेन रोडपासून आत तिचं गाव. वडिलांचं गावातच पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. त्यांच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली ती पहिली, आणि तिला ही पदवी का पाहिजे हे तिला पक्कं माहीत होतं. पदवी झाली की तलाठ्याची परीक्षा द्यायची. पदवी नाही तर त्या परीक्षेला बसताच येत नाही. सरांनी तिलाही घोळात घ्यायचा प्रयत्न केला. "शेख, तलाठी झालात. मग?" "मग सातबाऱ्यावर बायकांची नावं लावायला लोक का काचकूच करतात ते बघते." "मग?" "मग नावं लावते." सर म्हणाले, "बरं." सरांचं "बरं" म्हणजे इतर सरांचं "शाब्बास" आणि वर पेढा. मला तीन वर्षांत एकदाही मिळालं नाही, ते असो.

तबस्सुमच्या अब्बांनी कॉलेजला पाठवताना एकच अट घातली होती. मगरिबच्या अजानीआधी, म्हणजे दिवस मावळायच्या आत, पोरगी घरात पाहिजे. ही अट खरं तर कॉलेजची बस पाळत होती. संस्थेची बस संध्याकाळी कॉलेज सुटलं की निघायची, फाट्यावरून आत वळायची आणि पोरींना थेट गावात सोडायची. एसटी मेन रोडनं सरळ जायची. फाट्यावर उतरलं की गावापर्यंत शेतातनं पायवाट, आणि हिवाळ्यात त्या वाटेला दोन्ही बाजूंनी माणूस बुडेल एवढा ज्वारीचा शाळू. म्हणजे तबस्सुमची पदवी कॉलेजच्या त्या पिवळ्या बसवर उभी होती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट आला. प्रोजेक्ट आमच्याकडं तयार मिळतात. वर सोनेरी अक्षरं, आत औषध दुकान व्यवस्थापन प्रणाली, नाव तेवढं आपलं घालायचं. एका पोराच्या प्रोजेक्टमध्ये आभाराच्या पानावर लातूरच्या कुठल्या तरी पोराच्या आई-वडिलांचे आभार तसेच राहून गेले होते आणि तरी तो पहिल्या वर्गात पास झाला. आम्हीही तेच करणार होतो. पण मग सरांनी वर्गात सांगून टाकलं, "तयार प्रोजेक्टवर मी सही करणार न्हाय. जे वाचून कुणीतरी काहीतरी ठरवंल, असं करून आणा." मला त्यांचा असा संताप आला म्हणून सांगू. बाकीच्या कॉलेजांतली पोरं सुखानं लग्नकार्यं करत फिरत होती आणि आम्ही काय करायचं ह्यावर डोकं धरून बसलो. शेवटी सरांनीच मला आणि तबस्सुमला विषय दिला, कॉलेजची बस. कुठल्या थांब्यावर किती पोरं चढतात, गाडी कुठं भरते, कुठं रिकामी पळते, ह्याची माहिती गोळा करा आणि संस्थेच्या सचिवांना द्या.

ड्रायव्हरकाका दर सकाळी थांब्यावर किती चढले ते सांगायचे. तबस्सुम बसमध्येच मोबाईलवर भरायची. मी त्याचे आलेख करायचे. थांब्यांना काकांनी आपली नावं दिली होती, टाकी, शाळा, फाटा, पार. तीच नावं आम्ही ठेवली. मी येरमाळ्याची, कॉलेजला चालत जाणारी, त्या रस्त्याला कधी गेलेलीच नव्हते, त्यामुळं पार कुठल्या गावातला ह्याचा मला पत्ता नव्हता. सरही कधी गेले नव्हते. मी सरांना एकदा म्हणाले, "सर, संध्याकाळी कोण कुठं उतरतं ते बी मोजू की." सरांनी मान हलवली. "सकाळी जो चढतो तोच संध्याकाळी उतरतो. एकच माणूस दोनदा कशाला मोजायचा? फुगवलेली माहिती सगळ्यात वाईट." मी म्हणाले, "पण सर…" ते म्हणाले, "मग?" झालं. माझं तोंड तिथंच बंद.

रिपोर्ट तयार झाल्यावर सर स्वतः आम्हाला घेऊन सचिवसाहेबांकडं गेले. साहेबांनी तो हातात घेतला, वजन केल्यासारखा खालीवर केला, "छान, छान" म्हणाले आणि टेबलाच्या खणाकडं हात नेला. सर म्हणाले, "साहेब, वाचा. आत्ता वाचा. मी बसतो." आम्ही दोघी भिंतीला चिकटलो. तासिकेवरचा माणूस सचिवाला असं बोलतो, हे आम्ही कधी बघितलं नव्हतं. साहेबांनी चष्मा लावला आणि खरंच वाचलं. एका आलेखावर त्यांचं बोट थांबलं. "हे पार म्हणजे शेवटचा थांबा ना? इथं रोज शून्य?" "आकडे जसे आले तसे हायत, साहेब," सर म्हणाले. साहेबांनी चष्मा काढला. "सर, ह्या कॉलेजातनं पहिल्यांदा काहीतरी कामाचं आलं." त्या दिवशी सरांनी हायवेवरच्या हॉटेलात आम्हाला चहा पाजला. ते हसत होते. तोपर्यंत त्यांचे पुढचे दात मी कधी बघितले नव्हते. "गेलं बघा," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "ठरवणाऱ्यापर्यंत गेलं."

ठरवणाऱ्यानं ठरवलं. पुढच्या सोमवारपासून बस फाट्यावरूनच माघारी वळायला लागली. ऐन जानेवारी.

तबस्सुम सुरुवातीला फाट्यावर उतरून चालत गेली. मग एका संध्याकाळी बस उशिरा सुटली. फाट्यावर उतरली तेव्हा अजान होऊन गेली होती. शाळूतनं जाताना तिला लांबून कुणीतरी तिचं नाव घेऊन ओरडताना ऐकू आलं. अब्बा बॅटरी घेऊन वाटेवर उभे होते, अनवाणी. चप्पल घालायचंही भान राहिलं नव्हतं. रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बेटा, आता राहू दे."

हे सगळं तिनं मला फोनवर सांगितलं, आणि आणखी एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात विचारलं, "शेख का येत न्हाईत?" मी उठले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. "सर, पार म्हंजे तिचंच गाव. पारासमोर हॉटेल हाय. सकाळी तिथं गावातली सगळी माणसं बसलेली असतात. गाडीची वाट बघत पोरींनी त्यांच्यासमोर उभं राहायचं, त्यांचं बोलणं ऐकायचं, हे नको म्हणून तिच्यासकट गावच्या चौघी पोरी पहिल्या वर्षापासून शेतातनं फाट्यावर चालत येतात आणि तिथं चढतात. संध्याकाळी मात्र गावातच उतरतात. उतरलं की खाली मान घालून घरी जाता येतं. उभं राहावं लागत न्हाय. मी म्हणले होते संध्याकाळचं मोजू. म्हणले होते का न्हाय?" सरांनी खडू खिशात टाकला. "परत सांगा," ते म्हणाले. मी परत सांगितलं. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. तास संपायच्या आधीच ते वर्गातून निघून गेले.

ते गेले सचिवांकडं. मी दाराबाहेर उभी होते, सगळं ऐकू येत होतं. "साहेब, ते शून्य बरोबर न्हाय." "म्हंजे पोरींनी खोटं भरलं?" "खोटं न्हाय. अपुरं हाय." "अपुरं होतं तर मला समोर बसून कशाला वाचायला लावलं?" साहेब पुढं म्हणाले, "माझ्याकडं दिवसाला दहा माणसं येतात, गाडी इथं न्या, गाडी तिथं न्या. तुम्ही कागदावर आकडे आणले म्हणून मी तुमचं ऐकलं. आता तोंडी सांगता म्हणून बदलू?" मला दारावर लाथ मारावीशी वाटली. सगळ्यात वाईट हे की साहेबांचं बोलणं सरांनीच शिकवलेलं होतं.

मग सरांनी दुसरा मार्ग काढला. तिसऱ्या वर्षाचे तास सकाळकडं ओढायचे, म्हणजे तबस्सुम दुपारच्या एसटीनं उजेडात घरी जाईल. ते एकेका सरांकडं गेले, मॅडमकडं गेले. पर्मनंट माणसं त्यांना "बघू" म्हणाली. हे "बघू" मी आयुष्यात फार ऐकलं आहे, पण सरांनी ते खरं मानलं आणि ते रोज नोटीस बोर्डावर नवीन वेळापत्रक लागलं का ते बघायला जायचे. मी एकदा त्यांना ओरडूनच म्हणाले, "सर, न्हाय लागणार ते." ते म्हणाले, "मला बी दिसतंय, जाधव."

एका रविवारी ते मला बरोबर घेऊन तबस्सुमच्या गावी गेले. तिचे अब्बा दुकानात मोटारीला तांब्याची तार गुंडाळत होते. उठले, हात पुसले, खुर्ची झटकून दिली. अम्मीनं आतून सरबत पाठवलं. सर म्हणाले, "शेखभाई, चूक माझी हाय. पोरीचं शिक्षण बंद करू नका." अब्बांनी हातातली तार सरळ केली. "सर, मी पोरीला न्हाय म्हणलो न्हाय. मी अंधाराला न्हाय म्हणलो." तबस्सुम दारात उभी होती. सरांनी तिला विचारलं, "शेख, रोज शून्य भरताना मला सांगितलं का न्हाय?" ती म्हणाली, "सर, तुम्ही इचारलं कुठं चढता. आमी चढतो तिथलं बरोबर भरलं. राहता कुठं, हे कुणी इचारलंच न्हाय." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. सरांनी सरबताचा ग्लास तसाच खाली ठेवला.

निघताना तबस्सुमच बोलली. "आमी पारावर उभं राहिलो असतो तर ही वेळ आली नसती." अब्बा म्हणाले, "मग राहू की. मी येतो संगट." "गाडी तर येत न्हाय, अब्बा." "न्हाय आली तर न्हाय आली. उभं तर राहू."

आणि त्या राहिल्या. चौघी पोरी दप्तरं घेऊन रोज सकाळी पाराजवळ, आणि बाजूला शेखभाई दुकान बंद ठेवून. जी गाडी येणारच नाही तिची वाट बघत. पहिले काही दिवस हॉटेलातली माणसं टकामका बघत राहिली. कुणी हसलंही. मग हसणं बंद झालं. शेवटी तात्या म्हणून एक वयस्कर शेतकरी होते, त्यांनी विचारलं, "शेखभाई, पोरी का उभ्या हायत?" "गाडीची वाट बघायल्यात." "गाडी तर फाट्यापातुर येती." "व्हय. इथं कुणी चढत न्हाय म्हणून बंद केली." "का चढत न्हायत?" शेखभाईंनी हॉटेलच्या बाकड्यांकडं बघितलं फक्त. तात्यांनीही बाकड्यांकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून हॉटेलवाल्यानं बाकडी आतल्या बाजूला फिरवली, आणि तात्यांनी सचिवसाहेबांना फोन लावला. त्या गावात किती मतं आहेत हे साहेबांना कुठल्याही आलेखाशिवाय तोंडपाठ होतं. बस गावापर्यंत पुन्हा सुरू झाली. तेव्हा मार्च लागला होता, शाळू काढून झाला होता आणि संध्याकाळी सहाला लख्ख उजेड असायचा. हे आठवलं की आजही माझ्या कपाळाची शीर उडते.

बाकीच्या तिघींचं कसंबसं भागलं, पण तबस्सुमची हजेरी भरत नव्हती. ऑफिसनं सांगितलं, परीक्षेला बसता येणार नाही, पुढच्या वर्षी बघा. मी जाऊन भांडले. क्लार्क म्हणाला, नियम आहे. नियम दाखवा म्हणाले तर म्हणाला, कपाटात आहे. मग सर गेले. सचिवसाहेब त्यांना म्हणाले, "तुमच्या चुकीनं पोरगी आली न्हाय, असं तुम्हीच म्हणताय ना? द्या लिहून." सरांनी तिथंच बसून लिहून दिलं. माहिती गोळा करण्याची पद्धत मी चुकीची ठरवली, विद्यार्थिनींनी सुचवूनही संध्याकाळची नोंद घेतली नाही, त्यामुळे गाडी बंद झाली आणि शेख यांची गैरहजेरी माझ्यामुळे आहे. खाली सही. त्या कागदावर तबस्सुमला परीक्षेला बसू दिलं. ती बसली, आणि आमच्या वर्गात दुसरी आली. मी कितवी आले ते विचारू नका.

जूनमध्ये सरांना बोलावणं आलं नाही. काढलं वगैरे काही नाही. तासिकेवरच्या माणसाला कुणी काढत नसतं, फक्त बोलावत नाहीत. आम्ही ऑफिसात विचारलं तर क्लार्कनं सांगितलं, "त्यांनी स्वतःच लिहून दिलंय की, शिकवता येत न्हाय म्हणून." मी म्हणाले, तसं नाही लिहिलेलं. तो म्हणाला, अर्थ तोच होतो.

पदवीचं सर्टिफिकेट हातात आल्यावर मी आणि तबस्सुम बार्शीला गेलो. सर एका दुकानाच्या वरच्या खोलीत स्पर्धा परीक्षेचा क्लास घ्यायचे. खोली छोटी, फळा मोठा, खिशात खडू. आम्हाला बघून ते एकदम उभे राहिले. तबस्सुमनं सर्टिफिकेट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून वरपासून खालपर्यंत वाचलं, आणि खालपर्यंत आल्यावर पुन्हा वरून. मग आम्हाला खाली चहाला नेलं. तलाठ्याच्या परीक्षेला काय काय करायचं ते टपरीवर उभ्या उभ्या तिला समजावून सांगितलं. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "सर, ते लिहून द्यायची काय गरज होती? तोंडी सांगून सोडायचं." सरांनी कप खाली ठेवला. "खरं सांगू, जाधव? मला वाटलं न्हवतं ते वाचतील. म्हणलं फाईलला लागंल, शेखांचं काम होईल, संपलं. इतक्या वर्षांत समोर बसल्याशिवाय माझा एक कागद त्या ऑफिसात कुणी वाचला न्हवता. तो तेवढा वाचला."

मला हसावं का रडावं कळेना. तबस्सुमनं मात्र विचारलं, "सर, वाचणार हायत हे माहीत असतं, तर दिलं असतं का लिहून?"

मी सरांकडं बघत होते. दिलं असतं म्हणावं, असं मला फार वाटत होतं. ते खोटं असतं तरी मला चाललं असतं. पण सर खोटं बोलले नाहीत. घरी त्यांची मुलगी आठवीत होती आणि क्लासची पोरं अजून बोटावर मोजण्याएवढी. त्यांनी रस्त्याकडं बघितलं, मग आकाशाकडं बघितलं आणि म्हणाले, "चला, निघा तुम्ही. दिवस लहान झालाय."

तबस्सुम म्हणाली, "अब्बा आता वेळ इचारत न्हाईत, सर." तरी ते आमच्या पुढं चालत स्टँडवर आले. भूमची गाडी लागली होती. तबस्सुम चढली, खिडकीत बसली. माझी गाडी वेगळी होती, म्हणून मी खालीच उभी होते, सरांच्या शेजारी. कंडक्टरनं घंटी दिल्यावर सर एकदम पुढं झाले, दाराशी गेले आणि त्याला विचारलं, "ही गाडी दिवस मावळायच्या आत पोचंल ना?" कंडक्टर म्हणाला, "पोचंल की. का वो?" गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत सर उन्हात तसेच उभे राहिले, आणि माझी गाडी आली तेव्हाही त्यांचं तोंड तिकडंच होतं.